बिर जदीदला रविवारचा फोन

तिकडे ट्युनिशियात, बिर जदीदला, हेदीने फोन ठेवला. इकडे बेल्जियममध्ये, बशीरच्या दिवाणखान्यात, नव्या फोनच्या जाळीतून थोडा वेळ नुसता टूं-टूं आवाज येत राहिला. मग बशीरने बटण दाबून तोही बंद केला.

"झालं," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं ना? आईच्या तोंडून ऐकलं. आता कुणाची काही शंका नको."

त्याने टेबलावरचे कागद पुढे ओढले. मुखत्यारपत्राच्या दोन प्रती, दोघा भावांचे पासपोर्ट, फोटो. उद्या सोमवारी सकाळी नऊच्या गाडीने दोघं ब्रसेल्सला जाणार, वकिलातीत सही करणार, आणि बिर जदीदचं घर आणि त्यामागची ऑलिव्हची बाग विकायचा अधिकार धाकट्या हेदीच्या हाती जाणार. बाप गेल्यापासून घर आणि बाग चौघांच्या नावावर होती, आई आणि तीन मुलगे. आता आईच म्हणते आहे विका, मला सूसला शहरात न्या, लिफ्टच्या घरात ठेवा. मग मुलांनी नाही कशाला म्हणायचं?

नजीबा दाराजवळच्या लहान खुर्चीत बसली होती. एकोणीस वर्षं दर रविवारी ती याच खुर्चीत बसत आली होती. फोन आधी बशीर घ्यायचा, मग तिचा नवरा तौफीक, मग बशीरची बायको वसीला, आणि फोनकार्डात मिनिटं उरलीच तर नजीबाच्या हाती रिसीव्हर यायचा. "उम्मी, बरी आहेस ना?" एवढं म्हणेपर्यंत लाइन तुटायची. यंदाच्या वसंतात बशीरने मोठ्या आवाजाचा फोन आणला. सगळ्यांना ऐकता यावं म्हणून, असं तो म्हणाला होता. खरं तर तो कसा बोलतो ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"ती उम्मी नव्हती," नजीबा म्हणाली.

बशीरने चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"आत्ता बोलली ती. उम्मी नव्हती."

"नजीबा," तौफीक हळूच म्हणाला. तो शब्द म्हणजे तिच्या कोपराला लावलेला हात होता.

"सी बशीर," दिराला मानाने हाक मारावी तशी ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. उम्मीला फोनवर हळू बोलताना कधी ऐकलंय? तिला वाटतं मध्ये समुद्र आहे, ओरडल्याशिवाय पलीकडे पोचणार नाही. ही बाई कशी बोलली? 'हो बाळा, मी राजी आहे बाळा.' तोंडावर ओढणी धरून बोलल्यासारखी."

"सात महिने अंथरुणाला खिळलेली बाई आहे ती! छातीत जोर नाही, कानाला ऐकू येत नाही. हेदी दर आठवड्याला सांगतोय. ओरडेल कशाने?"

"सात महिन्यांत ती एकदाही फोनवर आली नाही. कधी झोपलेली, कधी हमामात, कधी डॉक्टरकडे. आणि आज आली ती नेमकं एकच वाक्य बोलायला?"

"मला माझ्या आईचा आवाज ओळखू येत नाही, असं म्हणतेस?"

नजीबाची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर खोटं, आणि हो म्हणावं तर थोरल्या दिराच्या घरात, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच तोंडावर. सासूच्या, मब्रूकाच्या हाताखाली तिने सहा वर्षं काढली होती. पीठ किती मळायचं यावरून भांडून, कुसकुसला किती वाफ द्यायची यावरून भांडून, आणि रात्री त्याच बाईच्या शेजारी एका गादीवर झोपून. मुलगे तर सतरा-अठराव्या वर्षी कामाला बाहेर पडले होते. त्या आवाजाची नजीबाला जितकी सवय होती तितकी या खोलीत कुणालाच नव्हती. पण हे मोठ्याने म्हणता येत नव्हतं.

"तौफीक, तुझं काय?" बशीरने विचारलं.

तौफीकने पासपोर्टाच्या कडेवरून अंगठा फिरवला. सूतगिरणी बंद पडल्यापासून त्याच्या हातांना सतत काहीतरी चाळा लागायचा. "दादा, तू म्हणशील तसं."

"मग संपलं."

नजीबा उठली. टीव्हीखालच्या फळीवर लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी ओळीने उभ्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात हेदीच्या मुलीचं लग्न झालं, त्याची कॅसेट तिने काढली आणि खोका उलटा करून पाहिला. मागे फोटोवाल्याचा शिक्का होता, आणि त्याखाली जांभळ्या शाईत दुसरा: मोंजिया, नवरीचा साज, मेंदी, केस. खाली फोन नंबर. खोका पिशवीत टाकून तिने अंगावर कोट चढवला.

"कुठे निघालीस?" तौफीकने विचारलं.

"पुदिना संपलाय," ती म्हणाली. "एमना, चल माझ्याबरोबर."

एमना, तिची एकोणीस वर्षांची लेक, आईच्या चेहऱ्याकडे एकदा बघून निमूट उठली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुदिन्याच्या दोन ताज्या जुड्या पडल्या होत्या, हे तिने मघाशीच पाहिलं होतं.

दोघी जिना उतरून रस्त्यावर येतात न येतात तोच मागून कुणीतरी हाक मारली. वसीला येत होती. पायात घरातल्याच सपाता, डोक्याला रुमाल अर्धा बांधलेला, गुडघे धरत. रमझानपासून दोघी जावा कामापुरत्याच बोलत होत्या. ईदच्या फराळावरून काहीतरी झालं होतं. आता कुणाला नीट आठवत नव्हतं, पण सोडवतही नव्हतं.

"पुदिना आहे घरात," वसीला म्हणाली.

"ठाऊक आहे, जाऊबाई."

"तिनं मला टोमणा मारला नाही."

"कुणी?"

"फोनवरच्या बाईनं. मी सलाम केला तर म्हणाली, 'अल्ला तुझं भलं करो, वसीला.' सत्तावीस वर्षांत उम्मीनं माझं भलं चिंतलंय का गं? माझा आवाज ऐकला की म्हणते, 'आलीस? जिवंत आहेस का अजून? मला वाटलं बेल्जमचं लोणी खाऊन फुटली असशील.' मी तिथे उभी राहून टोमण्याची वाट बघत होते. आलाच नाही." वसीलाने रुमालाची गाठ मारली. "कुठे जायचंय आपल्याला?"

कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. सहा लाकडी केबिनी, प्रत्येकीत कुणीतरी आपल्या गावाशी ओरडत होतं. दुकानाची मालकीण, घानाच्या मिसेस बोआतेंग, गल्ल्यामागून प्रत्येकाला देशाच्या नावानेच हाक मारायची. "ट्युनिशिया? चार नंबर. पण लाइन आज फार वाईट आहे, आधीच सांगते."

तिघी चार नंबरात कोंबल्या. दार लागेना, म्हणून वसीलाचा एक पाय बाहेरच राहिला. नजीबाने खोका एमनाच्या हातात दिला, एमना आकडे वाचत गेली आणि नजीबा दाबत गेली. शून्य शून्य, दोनशे सोळा, मग पुढचे. रिसीव्हरमधून एक गोड आवाजाची बाई आधी फ्रेंचमध्ये, मग अरबीत म्हणाली की सर्व मार्ग व्यस्त आहेत. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. आठव्यांदा ती बोलायला लागली तेव्हा वसीलाने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवव्यांदा घंटी वाजली.

तिकडून आधी कुणाचा आवाजच आला नाही. केस वाळवायच्या यंत्राची घरघर, डफ, आणि दहा-बारा पोरींचं गाणं. मग कुणीतरी ओरडलं, "कोण? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

"मोंजिया, मी नजीबा. तौफीकची नजीबा. बेल्जमहून."

"कुठली नजीबा?"

"जिच्या डाव्या हातावरची मेंदी तू पुसून परत काढलीस आणि वरात तासभर उंबऱ्यावर ताटकळली, ती."

"अगं बाई! तू हललीस म्हणून पुसली! गप्प गं पोरींनो, बेल्जम आहे!" डफ थांबला. पण मोंजियाचा आवाज पुन्हा आला तेव्हा त्यातलं हसू गेलं होतं. "काय हवंय? आज कशी आठवण झाली?"

"उम्मी मब्रूका कशी आहे? उठते-बसते का?"

"उठते-बसते? काल इथे येऊन या नवरीच्या आईशी भांडून गेली. पडदे वाईट शिवलेत म्हणून."

एमनाने तोंडावर हात धरला. नजीबाने रिसीव्हर आणखी घट्ट धरला. "हेदी म्हणतो तिला ऐकू येत नाही."

"नको ते सगळं ऐकू येतं तिला. नजीबा, खरं सांगू का? तुम्हाला लाज कशी वाटत नाही गं? सगळं गाव बोलतंय. तिकडे दोघं पोरगे सुखात, आणि म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर विकायला निघालेत. हेदी बिचारा तोंड लपवत फिरतो. म्हणतो, काय करू, थोरल्या भावांचा हुकूम आहे."

वसीलाचा बाहेरचा पायही आत आला.

"मोंजिया," नजीबा म्हणाली, "मी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आम्हाला सांगितलंय की उम्मीलाच विकायचंय. तासाभरापूर्वी एका बाईनं उम्मी बनून फोनवर हो म्हटलं."

पैशाचं मीटर टिकटिकत होतं. मग मोंजिया म्हणाली, आणि आता ती जुनी मोंजिया होती, "तुम्ही विकत नाही आहात?"

"नाही."

"ती सात महिने अंगठा पदरात बांधून बसलीय. हेदी कागद घेऊन येतो, ही म्हणते, माझे मुलगे स्वतःच्या तोंडानं मागतील तर देईन अंगठा. नाही तर हात कापून न्या." मोंजियाने नाक ओढलं. "अर्ध्या तासानं लाव. नवरीच्या मावशीला पाठवते तिला आणायला. हेदी कॉफीच्या दुकानात पत्ते खेळत असेल, त्याला कळायच्या आत आणते."

परतताना जिन्यावर वसीला मध्येच थांबली. दम लागला होता, पण थांबली त्यासाठी नव्हे. "नजीबा, आत गेल्यावर तू बोलू नकोस. तू बोललीस की ते धाकट्या भावजयीचं होतं. मी बोलते."

"तुमच्याशी भांडतील ते."

"सत्तावीस वर्षं भांडतोय. आज निदान भांडायला कारण आहे."

आत बशीरने कागद एका निळ्या फाइलीत लावून ठेवले होते. वसीला सरळ जाऊन त्याच्या समोर बसली आणि मोंजिया जे जे म्हणाली ते एकही शब्द न गाळता सांगितलं. ती कधी इतकं सलग बोलली नव्हती. बशीरचा चेहरा आधी लाल झाला, मग राखाडी.

"एका मेंदीवालीच्या बोलण्यावर मी माझ्या भावाला चोर म्हणू?"

"म्हणू नका. नंबर लावा आणि ऐका."

"नाही लावणार. हेदीनं बापाचं औषधपाणी केलं, आईचं करतोय. आपण इथे बसून काय केलं? दर रविवारी दहा मिनिटं बोललो. कुठल्या तोंडानं त्याची उलटतपासणी घेऊ?" त्याने फोन मांडीवर ओढून घेतला, जणू कुणी तो पळवून नेणार होतं. आणि नजीबाला पहिल्यांदा त्याची कीव आली. हा माणूस फसला नव्हता. शरमेपोटी त्याने स्वतःला फसवून घेतलं होतं. हेदीने काहीही मागितलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

"सी बशीर," ती म्हणाली. बोलणार नाही असं ठरलं होतं, तरी म्हणाली. "उम्मीला वाटतंय तुम्ही तिला विकताय. आत्ता, या क्षणी. ती त्या दुकानात येऊन बसली असेल. आपण नाही लावला तर तिला वाटेल, मुलांनी खरंच विकलं."

बशीर हलला नाही. अर्धा तास होऊन पाच मिनिटं वर झाली होती.

तेव्हा तौफीक उठला. आयुष्यात भावाच्या पुढ्यातून त्याने पाण्याचा पेलासुद्धा न विचारता उचलला नव्हता. त्याने वाकून बशीरच्या मांडीवरचा फोन उचलला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "एमना, आकडे वाच."

"तौफीक!"

"दादा, मी उद्या तुझ्याबरोबर येईन. तू म्हणशील तिथे सही करेन. पण आधी आईला विचारेन."

पहिल्यांदा ती गोड आवाजाची बाई आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काहीच नाही, नुसती खरखर, आणि बशीर म्हणाला, "बघा." चौथ्यांदा घंटी वाजली, आणि अर्ध्या घंटीतच कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"हॅलो!" फोनची जाळी थरथरली. टेबलावरचे चहाचे पेले वाजल्यासारखे वाटले. "हॅलो! कोण आहे? मोठ्यानं बोला! समुद्र आहे मध्ये!"

खोलीतल्या कुणालाही विचारायची गरज उरली नाही. वसीलाने डोळे मिटून घेतले. बशीरचा हात आपोआप छातीवर गेला.

"आई," तौफीक म्हणाला, आणि रडू लागला.

"कोण, तौफीक? का बशीर? दोघांपैकी कोण रडतोय? रडू नका, फोनचे पैसे जातात! मला विचारायचंय ते विचारून घेते. माझं घर तुम्हाला विकायचंय का? हो म्हणा किंवा नाही म्हणा. हो असेल तर मोंजियाकडे शाई आहे, इथेच अंगठा देते आणि मोकळी होते!"

"नाही!" हे बशीर ओरडला. एवढ्या मोठ्याने त्याने कधी काही म्हटलं नव्हतं. "नाही, आई! आम्हाला सांगितलं तुलाच विकायचंय. सूसला जायचंय. लिफ्टच्या घरात राहायचंय."

"कुठल्या घरात?"

"लिफ्टच्या."

"मी? त्या पेटीत बसून वर जाऊ? मेल्यावर मला खड्ड्यात घालतील तेवढं पुरे! कुणी सांगितलं हे?"

"हेदीनं. आणि तू… म्हणजे तू फोनवर बोललीस. मघाशी."

पलीकडे मोंजिया काहीतरी कुजबुजली. मग मब्रूकाचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा खाली. "राध्या बोलली? हेदीची बायको? माझ्या नावानं? अगं त्या बाईला नीट खोकतासुद्धा येत नाही मोठ्यानं!" आणि दुकानातल्या सगळ्या पोरी हसल्या. इकडे एमना हसली, मग वसीला, आणि शेवटी नजीबाला स्वतःच्याच हसण्याचा आवाज आला.

हसणं अचानक थांबलं. दार आपटल्याचा आवाज, पुरुषाची पावलं, बायकांची गडबड. "पुरुषानं आत यायचं नाही, नवरी बसलीय!" मोंजिया ओरडली.

"येऊ दे त्याला," मब्रूका म्हणाली. "तोंड झाका गं पोरींनो. ये हेदी. हा घे फोन. भाऊ आहेत तुझे."

बशीर पुढे वाकला. त्याच्या ओठांवर काय काय आलं असेल ते नजीबाला दिसत होतं, आणि ती मनात म्हणत होती, आत्ता नको, आत्ता ओरडू नका.

"का केलंस?" बशीरने विचारलं. एवढंच.

"दमलो मी, दादा." हेदी म्हणाला. "तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाप गेला तेव्हा मीच होतो. बागेला पाणी मी, छप्पर गळलं की मी, आईला दम लागला की गाडी शोधायला मी. बागेला आग लागली तेव्हा मी बादल्या भरत होतो, आणि रविवारी तुम्ही विचारलं, हवा कशी आहे. मला शहरात जायचं होतं. एकदा तरी. मागितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आणि आई?"

बशीर मागे सरकला. तौफीकने फोनकडे तोंड नेलं.

"हेदी, ऑलिव्ह कधी उतरवायचेत?"

"काय?"

"उतरवणी. कधी?"

"नोव्हेंबरात. माणसं मिळाली तर."

"मी येतो. गिरणी बंद आहे, मला इथे काही काम नाही. आईजवळ मी राहीन. तू बायकापोरांना घेऊन सूसला जा, काम शोध, घर भाड्यानं घे. नाही जमलं तर परत ये, दार उघडंच आहे. जमलं तर उत्तम." त्याने वर पाहिलं, नजीबाकडे. विचारत नव्हता, पण बघत होता. तिने होकारार्थी मान हलवली. तीन महिने का सहा, कुणास ठाऊक. पण बिर जदीदच्या त्या अंगणात तिलाही एकदा मनासारखं पीठ मळून बघायचं होतं.

"आणि मी मार्चमध्ये येतो," बशीर म्हणाला. "पेन्शनीत निघालोय. इथे बसून टीव्हीच बघतो. छप्पर मी करून देतो."

"तुम्हाला छपरावर चढता येतं का आता?" वसीला पुटपुटली.

"तू शिडी धर," बशीर म्हणाला.

पलीकडे रिसीव्हर ओढल्याचा आवाज आला. "झालं का तुमचं?" मब्रूका पुन्हा पूर्ण जोरात होती. "हेदी, इकडे बघ. दमलास तर तोंडावर सांगायचं, 'आई, मी दमलो.' मी काय तुला जन्मभर खुंटीला बांधून ठेवणार होते? राध्याला सांग, आज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचं, आणि माझा आवाज काढायचा असेल तर आधी माझ्याकडून शिकून घ्यायचा. आणि तो फोन तुझ्या कपाटातून काढून माझ्या खोलीत ठेवायचा. आजच. ऐकलंस?"

"ऐकलं, आई."

"बशीर, कागद आहेत का तुझ्याकडे?"

बशीरने निळी फाइल उघडली, दोन्ही प्रती बाहेर काढल्या आणि फोनच्या जाळीजवळ धरून उभ्या फाडल्या. कागद जाड होता, चांगला करकरला. "ऐकलंस, आई?"

"पुन्हा फाड. नीट ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा फाडले. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो मोठमोठ्याने हसत होता. पंचवीस वर्षांच्या ओळखीत नजीबाने त्याला असं पाहिलं नव्हतं. वसीलाने उठून स्वतःच्या रुमालाच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, आणि त्याने पुसू दिलं.

"आता मला सांगा," मब्रूकाने विचारलं, "मोंजियाचा नंबर शोधायची अक्कल कुणाला सुचली? तुम्हा दोघांना तर नक्की नाही."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बशीरने स्वतः उठून आपली खुर्ची मागे सरकवली, फोनसमोरची, हात असलेली. "नजीबा, बस इथे," तो म्हणाला. "ती तुला विचारतेय."

नजीबा बसली. काय बोलावं ते तिला सुचेना. एकोणीस वर्षांत इतका वेळ कधी मिळालाच नव्हता. समोर पडलेल्या कार्डावर अजून चाळीस मिनिटं शिल्लक होती. एमनाने शेजारी दुसरं एक कार्ड आणून ठेवलं.

"उम्मी," ती म्हणाली, "मी आहे."

"माहीत होतं मला," मब्रूका म्हणाली. आणि मग तिचा आवाज फोनपासून वळला, दुकानातल्या सगळ्यांकडे. "ऐका गं! ही माझी नजीबा! माझं घर हिनं वाचवलं! नवरीबाई, तुझा दिवस आहे खरा, पण आजचा पहिला आनंदाचा आवाज माझ्या सुनेसाठी काढा!"

आणि मोंजियाच्या त्या लहानशा दुकानात पंधरा-वीस बायकांनी एकाच वेळी जिभा हलवून तो लांब, उंच, थरथरता आवाज काढला, जो वरातीत काढतात, बाळ झालं की काढतात. फोनची जाळी फाटेल की काय असं वाटलं. वसीलाने आधी खिडकी उघडली, रस्त्याकडची, दोन्ही दारं. गुडघे विसरून ती चौकटीला धरून ताठ उभी राहिली, तोंडाशी हात नेला आणि त्या आवाजाला आवाजाने उत्तर दिलं. एमनाने दिलं. खालच्या फुटपाथवर सायकल घेऊन चाललेली तिथलीच एक म्हातारी फ्लेमिश बाई थबकून वर बघायला लागली. नजीबाने खुर्चीतून उठून, एक हात फोनच्या टेबलावर ठेवून, मान मागे टाकून, छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास त्या आवाजात ओतला. पलीकडे बिर जदीदमध्ये तो पोचला असावा, कारण तिकडून लगेच, आणखी जोरात, परत आला.